वाढतं तेल

जुनी यंत्रं तेल पितात, हे ठाऊक होतं.
आमचा डेक्स्टा उलटा निघाला.
दर शनिवारी इंजिनाची तेलकाडी पुसून बघावी
तर खूण ओलांडून बोटभर वर.
कोणी ओतलं नाही, कोणी कबूल केलं नाही.
आणि मागचे हात, नांगर उचलणारे,
अर्ध्यावर जाऊन थरथरत, मग खाली बसत
चॅपलमधल्या म्हाताऱ्यांसारखे, आमेनच्या आधीच.

लेशेक म्हणाला, पंप.
शाफ्टचं सील गेलंय. हायड्रॉलिकचं तेल
बाहेर गळत नाही म्हणून तुला दिसत नाही,
आतल्या आत इंजिनाच्या पोटात जातंय.
लेशेक पोलंडचा. खाली खाटीकखान्यात रात्रपाळी करतो
आणि दिवसा झोपायचं सोडून लोकांचे ट्रॅक्टर उघडतो.

दोन बादल्या तेल काढलं. पाइप सोडवले.
चारांपैकी तीन नट आले.
चौथ्याला आधी जाळ दाखवला, मग शिव्या,
माझ्या वेल्शमध्ये, त्याच्या पोलिशमध्ये.
कुठल्या लागू पडल्या, कळलं नाही.
पंप हातात आला
नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखा निसरडा,
आणि जवळजवळ तेवढाच जड.

त्याच्या पाठीला गॅस्केट चिकटलेलं.
दुकानातलं नव्हे. जाड कागदाचं,
गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकून कापलेलं,
बाबा कापत तसं.
दोन भोकांच्या मधे तीन छापील अक्षरं शाबूत.
लेशेकनं अंगठ्यानं पुसलं.
"ऑइल लिहिलंय," म्हणाला, "स्पेलिंग तेवढं चुकलंय."

चुकलं नव्हतं.
आइल. आमच्या भाषेत, दुसरा.
दुसरं बक्षीस, पाठांतर, दहा वर्षांखालील,
कुमारी हेउल्वेन प्रिदर्च, पन्तग्लास.

ते प्रशस्तिपत्र एका जूनमध्ये कपाटावरून नाहीसं झालं.
मी इदवालवर आळ घेतला. धाकटा, जळका, तोच चोर.
त्यानं शपथ घेतली,
आईनं त्याच्या शपथेला कान पिळून उत्तर दिलं.
बाबा समोर बसून पावाला लोणी लावत होते.
तोंडातून ब्र नाही.
गवत आडवं पडलेलं, उद्या पाऊस सांगितलेला,
दुकान बावीस मैलांवर,
आणि घरात एवढा जाड कागद एकच.

पोटात ठेवलं त्यांनी.
ट्रॅक्टरच्या.

एक्कावन्न वर्षांत तो कागद गळला नाही.
गळलं ते रबर.

उघडण्याआधी लेशेकनं झाकण आणि अंग मिळून
एक तिरकी रेघ ओरखडली,
परत बसवताना कोण कुठे, याचा वाद नको.
जुनं सील शिळ्या पावाच्या कडेसारखं, उकरताच चुरा.
आठाच्या आकड्याचं नवं रबर तेल लावून खाचेत दाबलं.
शाफ्टला टेप गुंडाळला, धार लागून
नव्या सीलचा ओठ फाटू नये.
ओठच म्हणतात त्याला.
"हा आत," लेशेक म्हणाला, "तेलाकडे.
उलटा बसवलास तर सगळं बोलून टाकेल."

नट समोरासमोर, थोडे थोडे आवळत गेलो.
इंजिन तापलं, हात वर गेले, थांबले, थांबूनच राहिले.
कुंपणाच्या खुंटांनी भरलेली पेटी रात्रभर टांगून ठेवली.
सकाळी दोन बोटं उतरली होती.
या वयात तेवढं चालायचं.

जुनं गॅस्केट आता कपाटावर आहे, जिथून गेलं तिथेच.
लाकडावर डाग पडतोय, रोज जरा मोठा.

त्याचा फोटो इदवालला पाठवला, स्वान्झीला.
गेली अकरा वर्षं आमच्यात नाताळचं कार्ड तेवढं,
त्यावरही सही त्याच्या बायकोची.
खाली लिहिलं, तू नव्हतास.
मग लिहिलं, हे मला आधी.
मग पुसलं, आणि नुसता फोटोच गेला.

तीन दिवसांनी उत्तर आलं:
"सीलचा ओठ कुठल्या बाजूला ठेवलास?"