माया

नोटीस आली तेव्हा मी काजं करत होते.
सर्वे नंबर एकशे अठरा, हिस्सा तीन अ बटा दोन,
लगतचे कब्जेदार: इनास मिंगेल आल्मेडा.
मोजणीच्या दिवशी सकाळी दहा वाजता
हद्दी दाखवण्यास हजर राहावे.
राहिले. जाणार कुठे होते?

एक खोली हवी होती, दहा बाय बारा,
माडांच्या बाजूला, समुद्राकडे खिडकी,
दोन मशिनी बसतील, इस्त्रीचं टेबल राहील.
वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेतला मुलगा म्हणाला,
आधी मोजणीची क प्रत, मग झोन दाखला,
मग सामासिक अंतर सोडून प्लॅन.
सामासिक म्हणजे काय रे?
म्हणजे काकी, भिंतीपासून हद्दीपर्यंत
दीड मीटर नुसतं मोकळं ठेवायचं.
मग माया म्हण की.
चाळीस वर्षं सोडतेय मी.
तो हसला नाही. शिक्का शोधत होता.

मोजणीवाले गव्हाणे घाटावरचे,
काठीला पांढरी बशी लावून आले.
बशी उपग्रहाशी बोलते म्हणाले.
जुन्या नकाशावर मात्र साखळीची मापं,
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे तिचे,
आणि पुसट शाईत कुणीतरी लिहून गेलेलं,
वायव्य कोपरा: उंडीचं झाड.
उंडी गेली फयानात.
तिचं बूड शोधायला इनास कोयता घेऊन आला,
गडग्यावरून पाय टाकून,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.

अकरा वर्षं, दोन चिऱ्यांपायी.
त्याचं म्हणणं, गडगा माझ्या नवऱ्यानं
रातोरात हातभर सरकवला.
माझं म्हणणं, नवरा तेव्हा कुवेतला होता.
रुझाय मात्र मागच्या दारानं येत राहिली,
फेस्ताच्या झग्याचं माप द्यायला,
दर साली कंबर अर्धा इंच सैल सांगून जायची.
तिचा शेवटचा झगा मी शिवला
माप न घेता.

बाराच्या सुमारास मशीन टीं टीं करून बोललं.
गडगा चुकीचाच होता,
पण आम्ही भांडत होतो तसा नव्हे.
वरच्या टोकाला मी त्याच्यात,
खालच्या टोकाला तो माझ्यात,
मध्ये फणसापाशी दोघं बरोबर.
उरेब कापला होता कुणीतरी.
क्षेत्रफळ? मी विचारलं.
जवळपास तेवढंच, गव्हाणे म्हणाले,
आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

मग त्यांनी दुसरा नकाशा उलगडला, रंगीत.
समुद्राच्या भरतीची एक रेघ,
तिच्यापासून आत मोजून आणखी एक.
ही दुसरी काकी, तुमच्या मोरीतून
यांच्या चुलीवर जाते.
अलीकडे पिवळा रंग, घराला चालतो.
पलीकडे, जिथे माझी खोली होती,
तिथे रंगच दिला नव्हता.
शंभर मीटर माया!
एवढी कोण सोडतं?

इनास नकाशावर वाकला.
भरती मोजली कोणी? त्यानं विचारलं.
तीस वर्सां ट्रॉलरार काढलंय,
ती माका एका जाग्यार कधी गावली नाय.
गव्हाण्यांनी पेनाचं टोपण काढलं.
ते आमच्या खात्याकडे नसतं, म्हणाले.

पंचनामा झाला. सह्या राहिल्या.
त्याचा चष्मा घरी, आणायला घरी कुणी नाही.
मी माझा काढून दिला, सुई ओवायचा.
नाकावर ठेवून त्यानं कागद वाचला,
मग मान वर करून माडांतून पाहिलं.
गो कुमुद, कागद दिसता,
दर्या दिसणा नाय.
मग सही कर, मी म्हटलं.

त्यानं केली, सावकाश, तिन्ही नावांची,
नेमकी माझ्या नावापुढे.
मी त्याच्या नावापुढे केली, दुसरी जागा नव्हती.
गव्हाण्यांनी बघितलं,
चालेल, बाण काढतो, म्हणाले.