उसनं आडनाव

क्लाइपेडात डिसेंबर म्हणजे चार वाजताच दिवे
आणि बंदरातल्या क्रेनच्या कण्हण्यालाही आलेली ओल.
हेरिंगची बशी सरकवून टेबलावर मी मांडला
आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर, दोन झेनर डायोड, तीन रेझिस्टर,
आणि शेवटच्या जहाजावरून उतरताना
कुणाला न सांगता खिशात घातलेली
पितळेची मोर्स-कळ.

विडमांतास जूनपासून बोलत नाही.
उजवा हात गेला. डाव्याचं एक बोट शाबूत.
एकोणीस वर्षं आम्ही एकाच केबिनमध्ये पाळ्या बदलत
टिंब आणि रेघांवर जगलो;
म्हटलं, एक बोट पुरे.
त्यानं कळ दाबावी, संगणकाला वाटावं कीबोर्डच आहे.
बस, एवढंच.

एवढंच!

केबल खोचली की संगणक आधी विचारतो, तू कोण?
कुठल्या घरचा, वीज किती पिणार, भाषा कुठली बोलतोस?
एका बिटामागे माझ्या चिपला आठ टिचक्या, नववी नाही.
सलग सहा एक आले की मध्ये शून्य सारायचं,
शेवटी बेरीज जुळली पाहिजे,
आणि उत्तर असं झटपट
की चमचा कपाला लागायच्या आत सगळं उरकलेलं.
सहाशे पानं वाचली. दोनदा.
मी रेडिओवाला माणूस, वादळात हाका मारून
ओ येईपर्यंत थांबायची सवय.
इथं कुणी थांबत नाही.
पुन्हा एक हाक, आणखी एक, मग पिवळी चौकट:
उपकरण ओळखता आलं नाही.

तीन आठवडे.
स्वतःच्याच टेबलाशी मी अनोळखी.

खालच्या मजल्यावरची उग्ने, लिफ्ट दुरुस्त करते,
ड्रिलचं पातं परत द्यायला आली आणि दारातूनच म्हणाली,
तयार लायब्ररी आहे की, ती का नाही घेत?
आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यातला मी नव्हे, मी म्हटलं.
ती म्हणाली, बरं, मग दळत बसा.
विडमांतासकाकांना काय सांगू, जेवण कधी?

रात्री उतरवून घेतली.
तीन-चार फायली; आत कुणीतरी टिचक्या मोजून ठेवलेल्या,
आणि एका ओळीशेजारी टीप:
ही रिकामी ओळ काढू नका. मी काढली होती.
मला हसू आलं, मग बराच वेळ आलं नाही.
कोण होता, कुठल्या गावाचा, त्याच्या खिडकीबाहेर काय होतं,
कितव्या रात्री त्याला ती ओळ परत घालावी लागली?

माझ्या वाट्याला एकच पान भरायचं होतं:
कुठल्या पायाला कुठली तार,
क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा, नाव काय लावू.
ओळख-क्रमांक विकत घ्यायचा तर वर्षाचं पेन्शन गेलं असतं.
तिथं लिहिलं होतं, ज्याला नाही त्यानं आमचा लावावा,
अटी या या.
मी उसनं आडनाव लावलं. केबल खोचली.
संगणकानं विचारलं,
आणि माझ्या वतीनं कुणीतरी वेळेत ओ दिली.
चौकट आली नाही. फक्त फ्रीज गुरगुरत राहिला.

रात्रीचे सव्वानऊ. अख्खी रात्र शिल्लक,
आणि करायला काहीच नाही, असं वाटलं क्षणभर.
मग आठवलं,
त्याचं टिंब हल्ली थरथरतं, एकाचे दोन होतात.
रेघ लांबते, दमून.
तीन आठवड्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं
की कळ दाबताना त्याचं बोट दुखेल का.
बसलो. थरथर गाळायला पंचवीस मिलिसेकंद दिले,
मग चाळीस. रेघेची मर्यादा सैल केली.
कळेखाली जुन्या टोपीचा फेल्ट चिकटवला.

रविवारी त्याच्या पलंगाशी.
त्यानं कळेकडे पाहिलं, ओळखली,
चोरल्याबद्दल भुवई उडवली.
मग बोट. पडद्यावर एकेक अक्षर,
मधेच चुकलेलं, खोडलेलं, पुन्हा:

स्प्रिंग घट्ट आहे.
चहा नेहमीसारखाच पांचट.

मी पेचकस काढला आणि स्क्रू पाव फेरा सैल केला.