डाव्या हाताचा दिवस

उद्या दिवसभर उजवा हात झोळीत,
मॉइराबाईंनी वर्गाला सांगितलं,
मग कळेल, रुग्णाला आपण काय काय करायला लावतो.

शेफील्डच्या चढावरच्या खोलीत
ब्रश बेसिनमध्ये गरगरत राहिला.
सलवारीची नाडी तर विचारूच नका.
दुपारी वरणभात, डाव्या हाताने:
घास ओठांशी आला आणि मनगटाला आठवली
आईची चापटी, तिसऱ्या-चौथ्या वर्षीची.

गुरुवारी वॉर्डात मिस्टर ऍक्रॉइड.
चाळीस वर्षं सुऱ्यांना धार लावलेला हात
मांडीवर, शेजाऱ्याची वस्तू सांभाळायला ठेवावी तसा.
माझ्या वहीत चहाच्या चौदा पायऱ्या.
चौथीवर त्यांनी कप सरकवून दिला,
खिडकीकडे तोंड केलं.

काय बोलावं सुचेना.
मी डाव्या हाताने चमचा उचलला,
निम्मी साखर टेबलावर.
"पोरी, तू तर माझ्याहूनही गेलेली," म्हणाले,
आणि सांडलेली साखर
डाव्याच तळव्याने कडेला लोटत आणली,
पात्यावरचा भुगा झाडावा तशी,
एक कणही खाली न पाडता.

या पायरीला माझ्या वहीत आकडा नव्हता.
चहा अगोडच झाला.
कप कोण विसळणार, यावर
अजून वाद चालू आहे.