एका प्रश्नावलीचे चाळीस रुपये

समिती सोमवारी येणार, म्हणून शनिवारी
मशनाजीनं विभागातली कपाटं उपसली.
एक पाल निघाली, तीन न वाजणारी घड्याळं,
आणि सुतळीत आवळलेले गठ्ठे.
वर बाईंचं अक्षर:
वसमत परिसरातील हळद-प्रक्रिया व स्त्रियांचे श्रम.
"जुने झाले सर, पिवळे पडलेत. रद्दीत टाकू?"
जुने नाहीत, मी म्हणालो. वास घे.

बाहेर रंगारी फलकावर कामगिरी उतरवतोय.
पीएच. डी. एकवीस.
पूर्ण झालेले प्रकल्प सहा.
नियतकालिकांतल्या लेखांपुढं जागा सोडलीय,
बारडकर बाई अजून मोजतायत
एकच लेख दोघांच्या नावावर तर नाही ना गेला.

त्यातल्या एका लेखातला तक्ता चार माझा आहे.
म्हणजे नाव बाईंचं,
पाय माझे.

मोंढ्यामागच्या शेडात पॉलिशचा ड्रम फिरत होता,
प्रश्न ओरडून विचारावे लागत
आणि उत्तरं ओठांवरून वाचावी लागत.
पंधरा-वीस जणी खाली बसलेल्या,
गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं,
पापण्यांवरसुद्धा पिवळी भुकटी.
क्रमांक दोनशे बारा. लोचनाबाई हत्तिअंबीरे.
वय?
"लिव पन्नास. चाळीस लिवलास तरी कोण बघायलंय."
घरकामाचे तास?
"मोजून कोण करतंय रे."
मी रकान्यात सहा लिहिलं. सगळ्यांच्याच लिहीत होतो.

सव्वीस प्रश्न झाल्यावर तिनं एक विचारला.
"तुला ह्या कागदाचं काय भेटतंय?"
चाळीस रुपये.
"आन् येळ किती गेला?"
पाऊण तास.
"गोणीला साठ हायेत. तासाला एक गोणी निवडते मी.
तुझ्याशी बोलताना वर बघावं लागतंय,
हात थांबतेत.
म्हंजे तुझे चाळीस आले, माझे पंचेचाळीस गेले.
ते कुठं लिवलास?"

ड्रम तेव्हाच बंद पडला होता, वीज गेली म्हणून.
सगळ्याजणींनी ऐकलं.
प्रश्नावली मी उलटसुलट करून पाहिली.
शेरा नावाचा एक रकाना होता, दोन बोटं रुंद,
त्यात तिचं गणित मावलं नाही,
समासात गेलं, तिथून मागच्या पानावर.

बाईंनी ते पान वाचलं
आणि त्या दिवशी एम. ए.चा तास घेतला नाही.
पुढच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात
त्यांनी एक ओळ वाढवली: उत्तर देणाऱ्यांची मजुरी.
लेखा विभागातून लाल शाईत परत आली,
असे शीर्ष अस्तित्वात नाही.
बाई स्वतः गेल्या. साहेब हसले,
"पी हळद अन् हो गोरी, असं नसतंय मॅडम,
शासनाचं पत्र लागतंय."
तीन वर्षं, तीन प्रकल्प, तीनदा लाल शाई.
चौथ्यांदा बाईंनी ती रक्कम
अल्पोपहार या शीर्षाखाली घातली
आणि ती मंजूर झाली.

पाकिटं घेऊन मी शेडात गेलो.
लोचनाबाईंनी नोटा मोजल्या, पावतीवर सही केली,
वाचता येईल अशी, आडनावासकट,
आणि पाट सरकवून म्हणाल्या,
"आता इचार. आता वर बघते."
त्या वर्षी घरकामाचे तास
कुणाचेच सहा आले नाहीत.

हे फलकावर कुठं बसवायचं?
रंगारी विचारतोय, जागा उरलीय, एक ओळ देऊ का?
बाई चष्मा पुसतायत, काही बोलत नाहीत.

तेवढ्यात मशनाजी गठ्ठा झटकतो
आणि त्याच हातानं समितीच्या टेबलावरची
नवी पांढरी चादर सरळ करतो.
चार बोटं उमटतात. अंगठा थोडा लांब.
त्याचा चेहरा उतरतो, साबण आणतो म्हणतो, धावतो.

थांब, बाई म्हणतात.
राहू दे.
आणि त्यावर फुलदाणी ठेवू नकोस.