बारा मायक्रॉन

उद्यमबागेत आमच्या शेडवर अजून पंपाचीच पाटी आहे.
पंप करणं सोडून सतरा वर्षं झाली.

आत एक काचेची खोली, वीस अंशांवर.
बाहेर एप्रिल अनगोळच्या रस्त्यावरचं डांबर पातळ करतो,
आत मी स्वेटर घालून बसते.
समोर ग्रॅनाइटचा काळा पाट
आणि त्यावर एक बुश,
अंगठीपेक्षा जरा जाड, ब्राँझचा, पिवळसर.
लढाऊ विमानाच्या चाकाच्या पायात कुठंतरी बसायचा.
कुठं, ते ड्रॉइंगवर नाही.
ड्रॉइंगवर नुसते आकडे, आणि कोपऱ्यात शिक्का:
दाखवू नये.

पहिल्या दिवशी ईरण्णा हुक्केरींनी
माझाच एक केस उपटायला लावला.
मायक्रोमीटरात धर, म्हणाले, नोडु.
चौऱ्याहत्तर.
आता ह्याचे सहा भाग कर.
त्यातला एक भाग, एवढीच आपली मोकळीक.
अलीकडं विमान, पलीकडं भंगार.

ते कन्नडात मोजतात, मी मराठीत.
रजिस्टरात आकडा एकच पडतो.
बाहेर कधीमधी पाट्यांना काळं लागतं,
बशी थांबतात, कोल्हापूरची मावशी
निपाणीवरनंच माघारी जाते.
त्या दिवशीही खोली वीस अंशांवर असते.

भाऊ मच्छेच्या फौंड्रीत मोल्डर होते,
मुठीत वाळू दाबून ओल सांगायचे.
रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत विचारतात,
"उडालं काय गं?"
"अजून नाही. इंजिन यायचंय."
"कुठनं?"
"बाहेरनं."
भाऊ जरा वेळ सुपारी कातरत राहतात.
"म्हणजे गाडी केली आणि बैल मागवलेत म्हण की."

जानेवारीत टीव्हीवर विमानं गेली, तिरंगी धूर सोडत.
भाऊ खुर्चीतून पुढे सरकले. "ह्यात आहे काय तुझं?"
"ही विकत घेतलेली."
ते परत मागे टेकले.
आवाज बारीक केला नाही, पण बघणं थांबवलं.

दोनशे बुश तेलकागदात गुंडाळून कपाटात आहेत.
पाठवू नका, कळवू, असं पत्र आलंय.
दर तीन महिन्यांनी मी एकेक सोडते,
पुसते, मोजते, तेल लावते, परत गुंडाळते.
धातूही बसल्या बसल्या बदलतो की काय,
ह्याची नोंद ठेवायला सांगितलंय.
माझी नोंद कुणी ठेवायला सांगितलेली नाही.

भरमा किल्लेकरचा एक बुश तेरावर गेला.
रात्रपाळी करून तो काचेबाहेर उभा, डोळे लाल.
"एका मायक्रॉनला कोण बघतंय, मॅडम?"
"वर बसेल तो नाही बघणार," मी म्हटलं,
"त्याला बघायला वेळच नसतो."
लाल रंगाचा ठिपका दिला.
नियम असा की नापास माल साक्षीदारासमोर कापायचा.
व्हाइसमध्ये तो त्यानंच धरला.
करवत फिरली, दोन अर्धी खाली पडली,
आणि एक गोल गोल फिरत
बराच वेळ थांबेना.

परवा हुक्केरींचा शेवटचा दिवस.
कुंद्याचा डबा फिरला, हार झाला,
साहेब बोलले, इंजिनाचं काही बोलले नाहीत.
मग ते काचेच्या खोलीत आले, स्वेटर नव्हता त्यांना.
"एक केस दे."
मिळाला तो पांढरा.
एकसष्ट.
त्यांनी शून्य तपासलं, परत धरला. एकसष्टच.
"बंतेनु?" मी विचारलं. आलं का, एवढंच कन्नड
मी त्यांच्याशी रोज बोलत आले.
"इन्नू बंदिल्ला," ते म्हणाले, आणि मायक्रोमीटर
मखमलीच्या खाचेत नीट बसवून पेटी मिटली.

तेवढ्यात सांबऱ्याच्या बाजूनं आवाज आला.
पोरं धावत शेडबाहेर गेली, भरमा सगळ्यांच्या पुढं.
हैदराबादचं प्रवासी असेल, ह्या वेळेला असतंच.
तरी काच थोडी थरथरली.
आकडा स्थिर होईपर्यंत मी हात लावला नाही.

बुश क्रमांक एकशे बारा.
भोक मोजायचं राहिलं होतं.