ड्रायव्हर

शाहूपुरीत एकशेऐंशीला मिळालं वायफायचं कार्ड.
डबीवर एक नाव, आत चिपवर दुसरंच.
भिंगातून नंबर वाचला,
लाइटबिलाच्या मागं उतरवला.

खाली उद्यमनगरातला लेथ,
माळ्यावर मी, आणि बंद पडलेल्या छापखान्यातून
किलोवर आणलेला संगणक, लिनक्स घातलेला.
काहीतरी जोडलंय, म्हणतो. काय ते माहीत नाही.

"काय अडलंय?" बाबा जिन्यातनं.
ड्रायव्हर नाही त्याला.
"मग आमी काय मेलोय?"
तीस वर्षं टेम्पो, कागल ते मार्केट यार्ड.
हसले नाहीत. खरंच विचारत होते.

मोबाइल वायरनं जोडला.
कुणा परक्यानं फुकट लिहून ठेवलेला कोड उतरवला.
कंपाइल. एरर. कर्नलचे हेडर नाहीत.
ते आणले. पुन्हा एरर,
ह्या वेळी माझाच, एक कंस गिळलेला.

दीडला लेथ थांबला
तेव्हा कार्डाचा हिरवा दिवा मिचकला
आणि पडद्यावर अख्खी गल्ली:
मिठारी पॅटर्न्स, गवंडी फौंड्री, वरचा मजला, खालचा मजला.
प्रत्येकापुढं कुलूप.
आमचं त्यात कुठलंच नाही.

बाबांनी चष्मा पुसला, यादी वाचली.
"मिठाऱ्याचं हाय न्हवं हे?
जा की, माग.
त्याचं सागवान उधारीवर वाहिलंय म्या."