खिडकीसमोरची कुंती

उपकेंद्राच्या बाळंतखोलीची खिडकी
नेमकी झिबलच्या पानठेल्यासमोर उघडते.
नकाशा कुणी काढला, माहीत नाही.
त्याच्या घरात कुणी बाळंत होत नसावं.

पडद्यासाठी रंगारी सिस्टरनं तीनदा अर्ज केला.
चौथ्यांदा केला नाही. मला म्हणाली,
"कौतिकाबाई, झाडच लावू. त्याले मंजुरी लागत नाई."

जास्वंद लावली, ती बकऱ्यांनी एका दुपारात संपवली.
कण्हेरीला बकरी तोंड लावत नाही,
पण लेकरं लावतात. म्हणून कण्हेर नको.
मग घाटंजीच्या रोपवाटिकेतून कुंतीची बावीस रोपं आली,
एसटीत, काही माझ्या मांडीवर,
काही ड्रायव्हरच्या पाठीमागे, डुलत.

इथली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते,
उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढी फाटते.
म्हणून आधी चर, चरात मुरूम, वर शेणखत,
उधईसाठी मूठमूठ निंबोळीची ढेप.
दोन रोपांत हातभर जागा.
आणि भोवताली पराट्या रोवल्या.
"कुंपणाले कुंपण!" झिबल हसला.
हसू दिलं.

कुंतीला घाई नसते.
वर्षभर ती वीतभरच राहिली.
मी विचारायची, सिस्टर, हे जित्तं हाये का?
ती नखानं साल खरवडायची,
आत हिरवं.

मे महिन्यात हापशी नुसती हवा ओकायला लागली
तेव्हा कात्र्या-चिमटे उकळलेलं पाणी
मी रात्रभर निववून पहाटे बुंध्याशी ओतलं.
साऱ्या गावात उकळलेलं पाणी पिणारी
ती बावीसच होती.

छाटणीचं सांगते.
डोक्यावर रुंद होऊ द्यायची नाही.
खाली घेर, वर निमुळती,
नाहीतर पायाला ऊन लागत नाही
आणि ती खालूनच उघडी पडते.
कात्री लावायची ती बहर झडल्यावर. आधी लावली
की कळ्या जातात, आणि ते कळतही नाही.

चौथ्या वर्षी ती गजांच्या वर गेली.
पाऊस पडून गेला की चारपाच दिवसांनी
एकाच रात्री सगळी पांढरी.
फिनेलच्या वासात तो वास मिसळायचा.
वच्छला टेकामची पोरगी अशाच रात्री झाली,
आणि वच्छला कळा विसरून म्हणाली,
"माय, हे कशाचं व?"

मग सिस्टरची बदली झाली.
मग कुणीतरी मोठे साहेब येणार असं ठरलं.
मी गोळ्यांची खोकी आणायला तालुक्याला गेले होते,
परत आले तर कुंती गुडघ्याएवढी.
ग्रामपंचायतीचा माणूस मशीन पुसत होता.
"समोरून बोर्ड दिसला पायजे म्हणे."
साहेब आले नाहीत.

शेवंता आत्राम आली. दुपारी दीडला,
बैलगाडीतून, पाय पोटाशी घेऊन.
खिडकी बंद केली तर आत भट्टी.
त्या दिवशी लसीचा वार होता.
लेकरं कडेवर घेतलेल्या सात-आठ बाया
कुणी न सांगता बाहेर गेल्या
आणि छाटलेल्या खुंटांच्या ओळीत
खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या,
हातभर अंतरानं.
झिबलनं ठेल्याची ताडपत्री सोडली,
गिऱ्हाईक आत असताना.

शेवंताला मुलगा झाला. साडेतीनला.
बाया घरी गेल्या. लस राहिलीच.

अकराव्या दिवशी मी एकेक खुंट नखानं खरवडला.
एकोणीस हिरवे.
तीन नाहीत.

तिथे आता खाली पडलेल्या लाल फळांची
बोटभर रोपं लावली आहेत.
बियांपासून म्हणजे जास्तच वेळ.
माझी नोकरी दोन वर्षं उरली.

काल कुणीतरी पराट्यांचा भारा
फाटकाशी टाकून गेलं.
सुतळी पानठेल्याची आहे,
चुन्याचे डाग असलेली.